दादरच्या फूल मंडईतला हारवाला: पाचपैकी चार

भाचीचं लग्न मेमध्ये, पेणला. हार मात्र दादरचेच हवेत हा तिचा हट्ट, त्यामुळे हारांच्या आधी ही कामगिरी मामीच्या म्हणजे माझ्या गळ्यात पडली.

स्टेशनच्या पश्चिमेला, मंडईत आत एक छोटा गाळा. पाटीबिटी नाही. पंधरा दिवस आधी गेले. हारवाल्याने भाव सांगायच्या आधी विचारलं, "ताई, नवरीची साडी कुठली?" म्हटलं, अष्टपुत्री, पिवळी. "मग गुलाब फक्त बाहेरून लावतो, आतून सगळा निशिगंध. लाल पाकळी चुरगळली की पिवळ्यावर डाग पडतो." एक तारा मी तिथेच दिला. मग दोघांची उंची विचारून सुतळीने माझ्याच खांद्यावर माप घेतलं. जोडी अठराशेला. घासाघीस केली, पण फार नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला माल तयार. करंडीत तळाला केळीचं पान, त्यावर हार वेटोळं करून. घडी घातली की देठ मोडतात म्हणे. वरून घट्ट पिळलेला ओला पंचा. मोगऱ्याच्या कळ्यांच्या मुंडावळ्या वेगळ्या, मिठाईच्या खोक्यात. पाणी शिंपडू नका, कळ्या काळ्या पडतात. डिकीत ठेवू नका, एसीच्या झोताखाली तर नाहीच. राहता राहिली माझी मांडी. पनवेलच्या पुढे पायाला मुंग्या आल्या, पण करंडी हलू दिली नाही.

हार धरायचा कसा हेही त्याने दाखवलं होतं. गाठ वर, दोन्ही हात खांद्याएवढ्या अंतरावर, कोपरं कमरेला टेकवलेली. नुसत्या बोटांवर धरला तर दुसऱ्या मंगलाष्टकालाच हात खाली येतात. आमच्या भटजींना त्या दिवशी भलताच सूर सापडला होता, भाचीचे हात मात्र शेवटच्या "सावधान"पर्यंत जागचे हलले नाहीत. अंतरपाट दूर झाल्यावर मित्रांनी नवऱ्यामुलाला उचललं (हा प्रकार कुणी सुरू केला देव जाणे). तिने उडी मारून हार टाकला, तो फेट्यावर अडकला, तिने ओढून खाली घेतला. दुहेरी दोरा होता, एक फूल निखळलं नाही. साडीही कोरी.

आता तक्रार. "चमकी नको" असं दोनदा सांगूनही हारांवर चमकी होतीच, ती शेरवानीवरून अजून निघते आहे. अबोलीच्या वेण्या केळीच्या सोपात बांधायच्या ठरल्या होत्या, आल्या दोऱ्यात. आणि सात सांगितल्या होत्या, निघाल्या सहा. फोन केला तर म्हणतो, "मोजताना चुकलं असेल ताई, पुढच्या लग्नाला एक जास्त देतो." पैशांचं नावच नाही.

सातवी वेणी माझी होती.