युकॉन गोल्ड बटाटा: काचऱ्यांना पाचपैकी पाच, किसाला दोन

आधीच सांगून टाकतो, मी मंचरकडचा, सातगाव पठारावरचा. त्यामुळे बटाट्यातलं आम्हाला कोणी शिकवू नये अशी एक उगाचची घमेंड असते. जून-जुलैत पावसाच्या भरवशावर बेणं लावायचं, दसऱ्याच्या आगेमागे काढायचा, भाव पडला असेल तर शेतातच अरण, म्हणजे बटाट्याचा ढीग, लावून वर पाला झाकून वाट बघत बसायची, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. आणि असा मी इकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला येऊन चार वर्षं गुपचूप रसेट खात होतो, कारण स्वस्त आणि दुकानात शिरल्या शिरल्या समोर तोच ढीग.

रसेट म्हणजे तो लांबोडका, तपकिरी, खरखरीत सालीचा. फ्रेंच फ्राइजला एक नंबर, त्यात वाद नाही. पण रस्सा भाजीत घातला की दहा मिनिटांत विरघळून जातो, वाटीत बघाल तर फोडी कमी आणि पिठलं जास्त. मग लाल बटाटा आणून बघितला, तो उलट्या टोकाचा, कितीही शिजवा फोड मोडत नाही पण मसालाही आत जात नाही, साबणाचे तुकडे खाल्ल्यासारखं. शेवटी बायको वैतागून म्हणाली, ती पिवळी पिशवी आण एकदा, दोन डॉलर जास्त गेले तर काय होतंय.

तर हा युकॉन गोल्ड. नाव ऐकून मला वाटायचं वर उत्तरेला युकॉन भागाच्या बर्फात कुठे पिकत असेल, तिकडे 1896 मध्ये सोनं सापडलं होतं ना. पण हा पठ्ठ्या ग्वेल्फचा निघाला, आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर! तिथल्या युनिव्हर्सिटीत गॅरी जॉन्स्टन म्हणून बटाट्याचे ब्रीडर होते, त्यांनी 1966 मध्ये संकर केला आणि जात बाजारात आली 1980 मध्ये. चौदा वर्षं एका बटाट्यामागे. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मग तिकडनं थोडं बेणं आण की येताना." आई, विमानतळावर धरतील मला.

पहिल्या दिवशी साधी पिवळी भाजीच केली. कुकरला तीन शिट्ट्या, सोलून फोडी, फोडणीत मोहरी, हिंग, उडदाची डाळ, कढीपत्ता, मिरची, आलं. मी फोडी बघून विचारलं, हळद आधीच लावलीस का गं? तर नाही, बटाटाच आतून तसला, लोण्यासारखा पिवळा. एक फोड नुसती मीठ आणि तुपाचा थेंब लावून तोंडात टाकली आणि खरं सांगतो, बटाट्याला स्वतःची चव असते हे मी विसरूनच गेलो होतो. किंचित गोडसर, दाट, घशात न अडकणारी. फोडी कडेने जरा मऊ होऊन मसाला धरतात पण आख्ख्या राहतात, म्हणजे पुरीबरोबर जशी पाहिजे अगदी तशी भाजी.

पण या बटाट्याचं खरं काम काचऱ्या. साल इतकी पातळ की सोलायची गरजच नाही, नुसता घासून धुवायचा आणि पातळ चकत्या करायच्या. लोखंडी कढईत तेल थोडं सढळ हाताने, मोहरी-हिंग-हळद, चकत्या टाकून पाच-सात मिनिटं झाकण, मग झाकण काढून आच वाढवायची आणि सारखं ढवळत बसायचं नाही, खाली लागू द्यायच्या थोड्या. तिखट-मीठ शेवटी. कडा कुरकुरीत, मधे मऊ. आमचा मुलगा, जो भाजी म्हटलं की तोंड वाकडं करतो, तो कढईतूनच उचलून खातो, पोळी करेपर्यंत निम्म्या गायब.

वड्याच्या सारणालाही चांगला, फक्त हाताने कुस्करा. मी गणपतीला वीस-बावीस माणसांचे वडे करायचे म्हणून शहाणपणा करून फूड प्रोसेसर लावला आणि समोर आला पोस्टर चिकटवायचा डिंक. जास्त घोटला की आतला स्टार्च बाहेर येतो आणि चिकट होतो, हे नंतर कळलं. भाजलेलं बेसन घालून कसंबसं निभावलं, लोकांनी छान म्हणत खाल्ले पण मला माहितीये.

आता तक्रारी. मोठे बटाटे कधी कधी मधे पोकळ निघतात, आत भोक आणि कडेला तपकिरी. या जातीची ती खोडच आहे, वाढ मधेच एकदम जोरात झाली की असं होतं. आमच्या एका 10 पाउंडांच्या पिशवीत चार निघाले, दुकानात नेऊन दाखवले तर म्हणे कापलेला माल परत घेत नाही. अहो, न कापता कसं कळणार? पोकळ भाग काढून बाकीचा खाता येतो, पण चिडचिड होतेच. तेव्हापासून मी मुठीत मावतील एवढेच सुटे निवडून घेतो. दुसरं म्हणजे हल्ली पिवळ्या बटाट्याच्या बऱ्याच जाती आल्यात आणि पिशवीवर नुसतं 'येलो' लिहिलेलं असतं, तो युकॉन गोल्ड असेलच असं नाही. डोळे बघायचे, याचे डोळे गुलाबीसर असतात. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या शिजायच्या आधी काळ्या पडतात. आम्ही बेसमेंटमध्ये अंधारात कागदी पिशवीत ठेवतो, घरातली अरणच म्हणा.

राहता राहिला उपासाचा किस. तिथे मात्र साहेब नापास. किसून दोनदा धुतला, पिळला, तुपात जिरं-मिरची घालून परतला, दाण्याचं कूट घातलं, तरी मोकळा होईना, गोळाच. चव छान होती, पण किस म्हणून पुढे ठेवायची लाज वाटली म्हणून थापून थालीपीठ केलं त्याचं. त्यामुळे आषाढी-कार्तिकीला अजूनही रसेट आणतो, पण छोटी पिशवी.