चुकीच्या वळणाचं चलान: भरून टाकावं, तक्रार करावी की कोर्टात जावं?

मोबाइलवर ५०० रुपयांचं ई-चलान आलं की बहुतेक जण एकतर ‘कुठे नादी लागायचं’ म्हणून भरून मोकळे होतात, नाहीतर रागाने तसंच पडू देतात. उजवीकडे वळायला मनाई, यू-टर्न बंद, एकेरी रस्त्यात शिरणं, अशा चलानांबाबत माझं मत स्पष्ट आहे: आधी चलानवरचं कलम आणि फोटो बघा, मग ठरवा. (मेसेजमधल्या लिंकवरून किंवा पाठवलेली फाइल उघडून काहीही करू नका. अशा बनावट मेसेजांनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. चलान नेहमी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक या अधिकृत पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकूनच बघा.)

वळणबंदीचा फलक मोडला की साधारणपणे मोटार वाहन कायद्याचं कलम ११९/१७७ लागतं: ११९ म्हणजे फलक पाळण्याचं बंधन, १७७ म्हणजे त्याचा दंड. कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० आणि पुन्हा तेच केलं तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण पुण्यात फर्ग्युसन रस्ता किंवा जंगली महाराज रस्ता एकेरी आहे. तिथे चुकीचं वळण घेतलं की गाडी थेट समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर जाते, आणि मग कलम १८४ लागू शकतं. २०१९च्या दुरुस्तीने ठरलेल्या दिशेविरुद्ध गाडी चालवणंही धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत घातलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ही दोन चलानं एकाच मापाने मोजू नयेत.

फोटोचं महत्त्व आमच्या सोसायटीत येणाऱ्या एका डिलिव्हरीवाल्या मुलाच्या चलानामुळे मला नीट कळलं. वळणबंदी मोडल्याचं चलान होतं. फोटोत त्याची स्कूटर मागून दिसत होती, नंबर स्वच्छ वाचता येत होता, पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगवर होतं. वळण कुठेच नव्हतं, फलकही नव्हता. तो त्याच संध्याकाळी चौकात गेला, तर वळणबंदीच्या फलकावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. खांब, फ्लेक्स आणि मागचं दुकान एकाच चौकटीत येईल असा फोटो त्याने काढला, वेळ आणि ठिकाण दिसेल असा. अशा पुराव्याला वजन असतं, कारण चालकाने फलक पाळावा ही अपेक्षा फलक दिसत असेल तेव्हाच रास्त ठरते.

हाती असं काही असेल तर पोर्टलवरची ऑनलाइन तक्रार हीच पहिली पायरी. ती फुकट आहे आणि घरबसल्या होते. मजकूर चार ओळींचा ठेवा: चलान क्रमांक, ठिकाण, फोटोत काय दिसत नाही, सोबत काय जोडलंय. पोलिसांवर आगपाखड केली की मूळ मुद्दाच हरवतो. कॅमेऱ्याने टिपलेलं चलान असेल तर तारखाही तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते, आणि त्या जागी कॅमेऱ्याची नजर असल्याचा इशारा देणारा फलकही असावा लागतो. चलान निकाली निघेपर्यंत चित्रण जपून ठेवणं हीही चलान करणाऱ्या यंत्रणेचीच जबाबदारी.

चूक खरंच झाली असेल तर भरून टाकणं बरं. प्रकरण मिटतं, गाडी विकताना अडचण येत नाही. मात्र दंड भरला म्हणजे पाटी कोरी झाली, असं नाही. कलम २०० नुसार तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जातो. म्हणजे आज न केलेल्या चुकीचे ५०० भरले, तर उद्याच्या खऱ्या चुकीला १,५०० लागू शकतात. रोज आठ-दहा तास रस्त्यावर असलेल्या रिक्षावाल्याला, टॅक्सीवाल्याला हा फरक जाणवतो, म्हणून त्यांनी तरी चुकीचं चलान निमूटपणे भरू नये असं मला मनापासून वाटतं.

लोकअदालतीबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते, कोर्ट फी लागत नाही, दंडात अनेकदा सवलत मिळते. साठलेली जुनी चलानं मिटवायला ही उत्तम जागा. पण तिथे समेट होतो, दोषी कोण याचा निवाडा होत नाही. निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ‘मी वळलोच नव्हतो’ हे ज्याला सिद्ध करायचंय, त्याच्या ती कामाची नाही.

राहिलं कोर्ट. तिथे गेलं की दंड वाढवतील ही भीती १७७च्या पहिल्या गुन्ह्यात तरी निराधार आहे, कारण कायद्यातच ५००ची मर्यादा आहे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. फोटो किंवा चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. खरा खर्च असतो तो हेलपाट्यांचा, बुडालेल्या रोजंदारीचा आणि वकिलाच्या फीचा. पाचशेच्या चलानासाठी तक्रार फेटाळली गेल्यावरही कोर्टात जायचं का, हे तुमच्या सवडीवर ठेवा. व्हर्च्युअल कोर्टातून, म्हणजे चलानं ऑनलाइन हाताळणाऱ्या कोर्टातून, नोटीस आली असेल तर तिथे दंड भरण्याचा किंवा गुन्हा नाकारण्याचा पर्याय असतो. नाकारलात की प्रकरण हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं. समन्स आलं आणि तारखेला गेला नाहीत, तर वॉरंट निघू शकतं.

१८४ लागलं असेल तर मात्र मी सवडीचा विचार करणार नाही. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला कागद दाखवा, फोटोत गाडीची दिशा खरंच कळते का ते तपासा.

आणि गाडी तुमची पण चालवत दुसरंच कोणी होतं, असं असेल तर ते तक्रारीतच लिहा. चालकाची माहिती मागितल्यावर देणं कलम १३३ प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे.