डिजिलॉकर: लायसन बघा, फोन नको

नाशिकच्या सिडकोतून अंबड एमआयडीसीत रोज ३२ डबे पोचवते, स्कुटीवर. तीन वर्षं झाली, लायसन, आरसी, विमा सगळं डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये. आधी डिकीत डब्यांशेजारी ठेवलेल्या आरसीला आमटीचा वास यायचा, ती कटकट गेली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ इलेक्ट्रॉनिक कागद चालवून घेतो. गॅलरीतला लायसनचा फोटो मात्र त्यात बसत नाही, हे माझ्या भावाला दोनदा सांगून झालंय.

चार तारे देते. पाचवा कापला तो ॲपमुळे नाही. पाकिटातून नुसतं लायसन काढून देता यायचं. आता लायसनसोबत अख्खा संसार पुढे करावा लागतो.

गेल्या महिन्यात एका नाकाबंदीत तेच झालं. हेल्मेट होतं, लायसन उघडून धरलं. हवालदारांनी फोनच घेतला. लायसन बघून झालं, मग बोट सरकलं आणि व्हॉट्सॲप उघडलं. "ताई, आधी काही केस वगैरे?" केस कसली, सगळ्यात वर मेसेज होता, "आज वांगं नको." साडेबाराची सुट्टी, आणि पोळ्या गार.

सीबीएसजवळच्या कोर्टात जाणारे एक वकीलसाहेब माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांनी समजावलं: मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन तपासायला दाखवायचंच. त्यावरून ते मशीनवर थकलेली चलनं बघतील, लायसन खरं की खोटं तेही बघतील. पण फोन चाळायचा अधिकार त्या कलमात नाही. तपासासाठी झडती घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५: आधी कारण लेखी नोंदवायचं, झडतीचं चित्रीकरणही करायचं. (मोटार कायद्यातलं १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. मी आधी तेच समजून घाबरले.)

पोराने फोनच्या सेटिंगमधलं ॲप पिनिंग चालू करून दिलं. लायसन उघडून पिन केलं की पडदा तिथेच अडकतो, बाहेर पडायला माझा आकडा लागतो. परवा पाथर्डी फाट्याजवळ थांबवलं. म्हटलं, "साहेब, मी धरते, तुम्ही बघा." त्यांनी नंबर मशीनवर टाकला, "जा ताई" म्हणाले. बारा पंचविसला डबे गेटवर.