मुक्काम कुठे, ग्वेलिन की यांगशुओ?

चुनखडीचे ते सुळके बघायला दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतात निघालात, तर माझं मत सरळ आहे: ग्वेलिनला एक रात्र, बाकीचा मुक्काम यांगशुओत.

ग्वेलिन हे पुरतं शहर. विमानतळ, बुलेट ट्रेन, मोठी हॉटेलं सगळं हाताशी. नदीत सोंड बुडवलेल्या हत्तीसारखी दिसणारी टेकडी आणि रीड फ्लूट गुहा इथेच. गुहेत मात्र लवणस्तंभांवर रंगीत दिव्यांची इतकी आतषबाजी की मूळ दगडाचा रंग शोधावा लागतो. सकाळी वाफाळत्या तांदळाच्या शेवया, वर शेंगदाणे आणि आंबट चवळीच्या शेंगा. एवढ्यासाठी तरी थांबाच.

यांगशुओ ली नदीच्या खालच्या अंगाला, रस्त्याने साधारण 65 किलोमीटर. बोटीने चारेक तास लागतात, पण वाटेत शिंगपिंगजवळ 20 युआनच्या नोटेवरचं दृश्य साक्षात समोर येतं. इथे सायकल काढायची, भातखाचरांच्या कडेने युलोंग नदी गाठायची आणि बांबूच्या तराफ्यावर बसायचं. वेस्ट स्ट्रीटवर संध्याकाळी जत्राच असते. खोली तिथे घेऊ नका. आणखी एक: यांगशुओचं रेल्वे स्टेशन गावात नाही, शिंगपिंगजवळ आहे. पुढच्या बसचा वेळ धरूनच तिकीट काढा.