लाल दिवा लागतो, पण…

परवा रात्री झोप येईना म्हणून जुन्या वस्तूंचं ॲप चाळत पडलो होतो, आणि तीच चादर दिसली. निळ्या फुलांची, कोपऱ्यात इस्त्रीचा पिवळा डाग. चादरीवर इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), दोन माइक, स्टँड, हेडफोन. “होम स्टुडिओ सेट, अर्जंट विकणे.” जाहिरातीतल्या पत्त्यात सानपाड्याचं फक्त खारघर झालंय, फोटो जुनाच. त्या फोटोतला इंटरफेस गेले चार महिने माझ्या कपाटात पडून आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो, दिवसा हिशेब लिहितो, रात्री गिटार घेऊन बसतो. एकट्याचंच काम. स्वतःच्या चाली, स्वतःचा आवाज, तबला नाही की कुणी साथीला नाही. बरीच वर्षं मोबाइलवरच रेकॉर्ड करत होतो. मोबाइलची खोड अशी की तो आवाजाची पातळी स्वतःच्या मनाने वरखाली करतो. हळू छेडलेली तार उचलून मोठी करतो आणि जोरात स्ट्रम मारला की दाबून टाकतो. गाण्यात जीव घातलेला असतो, तो नेमका तिथेच जातो. त्यामुळे बरा माइक आणि इंटरफेस घ्यायचं ठरवलं. नवं सगळं घ्यायचं तर तीस हजारांच्या आसपास जात होतं. ही जाहिरात टाकणाऱ्या पोराने सोळा हजार सांगितले: नावाजलेल्या कंपनीचा दोन इनपुटचा इंटरफेस, ऑडिओ-टेक्निकाचा एटी 2020 हा कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही पकडणारा) माइक, शुअरचा एसएम 58, वर स्टँड आणि केबल. “दादा, बंगळुरूला नोकरी लागली, सामान नेणं परवडत नाही.” बोलता बोलता साताऱ्याकडचा निघाला. माझं आजोळ कोरेगाव. तिथेच मी अर्धा विरघळलो.

ठाण्याच्या 10 नंबर फलाटावरून वाशीची गाडी धरली. सानपाड्याला स्टेशनापासून दहा मिनिटांवर एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर खोली होती. तिथे तीच चादर, सामान मांडून ठेवलेलं, लॅपटॉप सुरू. त्याने एसएम 58 लावला, हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि म्हणाला, “गा दादा.” मी दोन ओळी गायलो. कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज असा पोटातून आल्यासारखा ऐकला की कुणालाही आपण मोठे गायक वाटतो. मीही त्याला अपवाद नव्हतो.

कंडेन्सर लावून बघू म्हटलं. तर म्हणाला, “इथे नको दादा. खाली रिक्षा, वर पंखा, हा सगळंच पकडेल. घरी रात्री निवांत लावा, मग बघा मजा.” इंटरफेसवरचं 48 व्होल्टचं बटण मात्र त्याने दाबून दाखवलं. लाल दिवा लागला. “फँटम पॉवर ओके,” म्हणाला.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. एसएम 58 हा डायनॅमिक माइक. आतली कॉइल चुंबकाजवळ हलते आणि सिग्नल तयार होतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही. एटी 2020 ला लागते, आणि ती इंटरफेसच त्याच केबलमधून पुरवतो, हीच फँटम पॉवर. यूएसबीतून इंटरफेसला फक्त 5 व्होल्ट मिळतात, आत एक छोटं सर्किट त्याचे 48 करतं. ते सर्किट मेलं तरी बटण दाबल्यावर दिवा लागू शकतो. म्हणजे डायनॅमिक माइकवर चाचणी घेतली तर बिघाड कळणारच नाही. आणि त्या पोराने कंडेन्सर न लावण्याचं जे कारण दिलं, ते खोटं नव्हतं हो! कंडेन्सर खरंच सगळं पकडतो. मीच दहा ठिकाणी ते वाचून गेलो होतो, त्यामुळे जाणकारासारखी मान डोलावली.

पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. “वहिनीचं खातं आहे.” बिल कुठलं मागताय, जुन्या वस्तूला.

घरी आलो. आमच्याकडे घोडबंदर रोडला दिवसा मेट्रोचं काम आणि रात्री ट्रक, त्यामुळे दीडनंतरच थोडी शांतता. बायको म्हणाली, “अहो, आता उद्या करा.” ऐकलं नाही. कंडेन्सर जोडला, 48 चं बटण दाबलं, गिटार वाजवली. हेडफोनमध्ये लांब कुणीतरी कुजबुजतंय आणि त्यावर सरसर. गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, वाढवला की सरसरही वाढते. केबल बदलली, दुसऱ्या इनपुटला लावून बघितलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला. मग ठरवलं, एटी 2020 नकली दिलाय. दोन दिवस त्या माइकला शिव्या घालत होतो.

तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे इंटरफेस नेला. त्याने मल्टिमीटरची एक सुई केबलच्या माइकच्या टोकाला पिन 1 वर आणि दुसरी पिन 2 वर ठेवली, मग 3 वर. 48 पेक्षा चार व्होल्ट कमीजास्त असले तरी चालतात. इथे काटा साडेनऊच्या वर जाईना. दिवा मात्र ठणठणीत लाल. “साहेब, हा उघडलेला पीस आहे,” तो म्हणाला. मागच्या एका स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. सानपाड्यात ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

मग संशय एसएम 58 वर गेला. कंपनी त्याचं वजन 298 ग्रॅम सांगते. किराणा दुकानात साखरेच्या काट्यावर ठेवला तर 231. दुकानदार म्हणाला, “काय, माइक विकायला काढला?” नकली. वजन जुळलं म्हणजे अस्सलच, असंही नाही म्हणा, पण सदुसष्ट ग्रॅमचा फरक काही धुळीचा नसतो. फोन लावला तर पहिल्या दिवशी “दादा, बघतो,” दुसऱ्या दिवशी बंद. सानपाड्याला पुन्हा गेलो. वॉचमन म्हणाला, ती खोली आठवड्याच्या भाड्याने देतात. पोलिसांकडे अर्ज दिलाय. ॲपवर तक्रार केली तेव्हा जाहिरात उतरली होती, आता पुन्हा चढलेली दिसतेय.

मला खटकतं ते सोळा हजारांपेक्षा हे की काय तपासायचं ते मी त्याला ठरवू दिलं. माझी गिटार मी घरी ठेवून गेलो, कारण गाडीत गर्दी असते! गिटार असती तर माइकसमोर वाजवून बघावीशी वाटली असतीच, आणि मग कंडेन्सर लावाच म्हणून हट्ट धरला असता. लॅपटॉपही त्याचा. तुम्ही जाल तेव्हा तुमचा लॅपटॉप न्या, दोन्ही इनपुटवर मिनिटभर रेकॉर्ड करा आणि ती फाइल हेडफोन बदलून ऐका. कंडेन्सर तिथेच लावून बघा, पंखा बंद करून. मल्टिमीटर स्वस्तात मिळतो, तो खिशात टाका. सिरियल नंबर आधी मागा, काही कंपन्यांच्या वस्तू पहिल्या मालकाच्या नावावर नोंदलेल्या असतात. विकणारा खरा असेल तर तो स्वतःच्या खात्यातून ती नोंद काढून देईल, चोरीचा माल असेल तर काचकूच करेल.

आणि एक, जे आधी कळलं असतं तर सानपाड्याला गेलोच नसतो. एकट्या गिटारवाल्या गायकाला दोन माइकांची गरज नसते. एक कंडेन्सर, फँटम पॉवर देणारा एका माइकचा इंटरफेस, कान झाकणारे हेडफोन, झालं. माइक गिटारच्या भोकासमोर नको, तिथे नुसता घुमतो. मान जिथे अंगाला मिळते तिथे, बाराव्या फ्रेटकडे (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीकडे) तोंड करून हातभर लांब ठेवा, गळाही त्यातच येतो. मागे आईच्या गोधड्या टांगा. महागड्या फोमपेक्षा मला गोधडीच बरी वाटली.

मागच्या रविवारी मुलुंडच्या मित्राकडे त्याच्या इंटरफेसवर तो एटी 2020 लावून बघितला. ज्याला दोन दिवस शिव्या घातल्या, तो अस्सल निघाला. काय सुंदर वाजतो. आता त्याच्यापुरता इंटरफेस शोधतोय. या वेळी दुकानातून, बिल घेऊन.