घरी येऊन रक्त नेणारी सेवा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी आई ६८ वर्षांची आहे. तिला मधुमेह आणि थायरॉइड असे दोन्ही त्रास आहेत. बाबा ७४ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टनची गोळी घ्यावी लागते. नाशिकमध्ये आमच्या घरापासून प्रयोगशाळा रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. सकाळी उपाशीपोटी तिथे जाऊन रांगेत बसणे आईला झेपेनासे झाले, म्हणून गेल्या ऑगस्टपासून आम्ही घरी येऊन रक्त नेणारी सेवा वापरत आहोत. मे महिन्यापर्यंत चार वेळा तपासण्या झाल्या. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण चारही वेळा वेगळी व्यक्ती आली आणि अनुभवही त्या व्यक्तीनुसार बदलला. या काळात एक गोष्ट मला पक्की समजली. रिपोर्टमधला आकडा यंत्रातून येत असला, तरी तो बरोबर येईल की नाही हे बरेचसे आदल्या रात्री घरात काय घडले आणि रक्त काढताना त्या पाच मिनिटांत काय घडले यावर ठरते.

सुरुवात नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या फेरीपासून करते, कारण सर्वांत मोठी चूक तेव्हाच झाली आणि तिच्यात आमचाही वाटा होता. आदल्या संध्याकाळी कंपनीतून फोन आला आणि "उद्या सकाळी उपवास ठेवा" एवढेच सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती, त्यामुळे आईचा उपवास होताच. सोसायटीतल्या मंदिरातल्या काकड्याहून ती पहाटे परतली, दूधसाखरेचा चहा घेतला आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. आठ वाजता आलेल्या मुलाने "उपवास आहे ना, आजी?" असे विचारले आणि तिने अगदी प्रामाणिकपणे "हो" म्हणून सांगितले. रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर १८६ आली, ऑगस्टमध्ये ती ११८ होती. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, तीही बरीच वाढलेली दिसत होती. आमच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे लाल पेशींना चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, पाहिले. ते ६.९ टक्के, म्हणजे आधीच्या इतकेच होते. लाल पेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते आणि त्या सकाळच्या खिचडीचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन आकडे जुळत नाहीत हे पाहून डॉक्टरांनी आईला त्या सकाळी काय खाल्ले हे विचारले, तेव्हा उलगडा झाला.

आपल्या घरांत उपवास याचा अर्थ फराळाचे खाणे असा होतो, ही गोष्ट महाराष्ट्रात काम करणाऱ्या कंपनीला माहीत असायलाच हवी. "रात्री जेवल्यानंतर रक्त देईपर्यंत साध्या पाण्याशिवाय काहीही पोटात जाऊ देऊ नका, चहा नाही, दूध नाही, फळ नाही, फराळसुद्धा नाही" असे एकच स्पष्ट वाक्य पुरेसे आहे. मी हे त्यांना लेखी कळवले, परंतु मे महिन्यातल्या संदेशातही "उपवास" हाच शब्द होता.

साखरेसाठी किमान आठ तास पोट रिकामे हवे, लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, सांगितली असेल तर नऊ ते बारा तास. मात्र चौदा तासांच्या पुढे उपाशी राहणेही योग्य नाही. म्हणूनच वेळ पाळण्याला मी या सेवेत सर्वाधिक महत्त्व देते. पहिल्या फेरीत सात ते आठ अशी वेळ देऊन माणूस सव्वानऊला आला. आई रात्री आठला जेवली होती, सव्वातेरा तास उलटले होते आणि तिचे हात थरथरत होते. मधुमेहाच्या रुग्णाला असे ताटकळत ठेवणे धोक्याचे आहे. तेव्हापासून मी पहिलीच, साडेसहाची वेळ घेते आणि आई आदल्या रात्री साडेआठला हलके जेवते. पाणी मात्र ती भरपूर पिते. पाण्याने तपासणी बिघडते असा समज आमच्याही घरात होता, प्रत्यक्षात पाणी कमी पडले की शीर सापडणे अवघड होते.

गोळ्यांविषयी कंपनीने एकदाही काही विचारले नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम असा आहे : थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर, मधुमेहाची गोळी नाश्त्याबरोबर, कारण उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरू शकते, बाबांची रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे, आणि त्या जेवणाबरोबरची गोळी चुकवायची नसते. माझी वहिनी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. त्यामुळे तिने डॉक्टरांना विचारून तपासणीच्या तीन दिवस आधी त्या गोळ्या थांबवल्या. हे सगळे प्रश्न नोंदणीच्या फॉर्ममध्ये सहज बसू शकले असते.

जानेवारीच्या अखेरीस आलेल्या मुलीचे काम मी जवळ बसून पाहिले आणि तेव्हा मला चांगले रक्त काढणे म्हणजे काय ते कळले. बाहेर थंडी कडाक्याची होती, आईचे हात गार पडले होते आणि शीर दिसत नव्हती. त्या मुलीने घाई केली नाही. गरम पाण्याची पिशवी मागितली, ती टॉवेलात गुंडाळून आईच्या कोपरावर पाच मिनिटे ठेवली आणि तोवर आईशी बोलत तिने सुई, नळ्या, कापूस मांडून घेतले. दंडाला पट्टा बांधून बोटाने चाचपून शीर निश्चित केली, पट्टा सोडला, स्पिरिट लावले आणि ते पूर्ण वाळू दिले. मग पुन्हा पट्टा बांधून एकाच टोचण्यात काम केले. रक्त नळीत येऊ लागताच तिने पट्टा सैल केला. "काकू, मूठ सारखी उघडझाप करू नका, नुसती मिटून ठेवा," असे तिने आधीच सांगितले होते. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, जांभळ्या झाकणाची नळी आणि साखरेची करड्या झाकणाची नळी तिने न हलवता, न झटकता, आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट केली. शेवटी आईच्या समोरच प्रत्येक नळीवर नाव, वय आणि रक्त काढल्याची वेळ लिहिली आणि ते नाव आईला वाचून दाखवले. कापूस दाबून ठेवायचा, कोपर दुमडायचे नाही, हेही तिने सांगितले. त्या खेपेला आईच्या हातावर काळानिळा डाग उमटला नाही.

करड्या नळीचे कारण मी तिला विचारले. नळीतल्या रक्तातही पेशी साखर वापरत राहतात आणि साध्या नळीत ठेवल्यास ती दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. करड्या नळीतले फ्लोराइड ही घट बऱ्याच अंशी रोखते. घरून प्रयोगशाळेपर्यंत नळ्यांना दोन-तीन तास लागत असतील, तर हे फार महत्त्वाचे ठरते.

मे महिन्यातला अनुभव मात्र त्रासदायक होता. बाबांचे पोटॅशियम ६.१ आले. नेहमीची मर्यादा ५ च्या आसपास असते आणि टेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम वाढू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी तातडीने ईसीजी काढायला सांगितला आणि त्याच दुपारी रुग्णालयात पुन्हा रक्त घ्यायला लावले. ईसीजी व्यवस्थित होता आणि पोटॅशियम ४.४ निघाले. सकाळी आलेल्या माणसाने पट्टा घट्ट आवळून दोन-अडीच मिनिटे तसाच ठेवला होता, बाबांना मूठ पंपासारखी चालवायला सांगितली होती आणि शेवटी नळ्या थेट बर्फाच्या पिशवीला टेकवून ठेवल्या होत्या. मूठ आवळल्याने स्नायूंतून, लाल पेशी फुटल्याने किंवा पेशी वेगळ्या न केलेले रक्त फार गार ठेवल्याने पेशींतून पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटा वाढतो. आमच्या बाबतीत नेमके कोणते कारण होते ते कंपनीने सांगितले नाही. त्यांनी ४०० रुपये परत केले, परंतु ७४ वर्षांच्या माणसाने आणि आम्ही सर्वांनी काढलेली ती दुपार त्यात भरून येत नाही.

"ऐंशी तपासण्या ९९९ रुपयांत" असे फोन महिन्यातून दोनदा येतात. एका सीबीसीमधल्याच वीसहून अधिक नोंदी त्यात वेगवेगळ्या तपासण्या म्हणून मोजलेल्या असतात. आम्ही फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या तपासण्या करतो. रिपोर्टवर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह आहे का हे पाहते, आणि ती मान्यता प्रत्येक तपासणीसाठी स्वतंत्र असल्यामुळे आमची तपासणी तिच्या कक्षेत आहे ना, हेही विचारते. रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतात आणि मागच्या आकड्यांशी तुलना दिसते, ही सोय खरोखर उपयोगी आहे.

आईसाठी ही सेवा मी सुरू ठेवणार आहे, कारण उपाशीपोटीचा प्रवास टळतो आणि त्या मुलीचीच मागणी नोंदवता येते असे आता कळले आहे. बाबांचे पोटॅशियम यापुढे प्रयोगशाळेत जाऊनच तपासायचे, असे ठरले आहे. पुढची फेरी ऑगस्टमध्ये आहे. तारीख नोंदवण्याआधी मी आणि आईने मिळून कॅलेंडर पाहिले, आणि श्रावणातले सोमवार व एकादशी वगळून एक बुधवार निवडला.