परदेशातल्या आजीचा अंत्यविधी लांबून पाहायचा असेल तर: झूमचा मोफत प्लॅन

विधी लांबून पाहण्यापुरतं झूम चांगलं आहे, पण मोफत प्लॅनमध्ये मीटिंग ४० मिनिटांत बंद होते. विधी क्वचितच वेळेवर सुरू होतात, त्यामुळे नेमकं अखेरच्या दर्शनाच्या वेळी स्क्रीन काळी व्हायची शक्यता असते. एक महिन्याचा सशुल्क प्लॅन घ्यावा, तोही तिथल्या कुणीतरी, कारण होस्ट (मीटिंग चालवणारा) तिथेच असलेला बरा. शंभर जणांची मर्यादा बहुतेक घरांना पुरते.

खरी अडचण आवाजाची. झूम पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतं आणि त्यात प्रार्थना, भजन, वाद्यंही गाळली जातात. विधीच्या जागी चित्रणासाठी फोन उभा करणाऱ्याने झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ आधीच चालू करावं. प्रवेश करणाऱ्यांना आपोआप म्यूट करणारी सेटिंगही लावावी, नाहीतर कुणाच्या तरी घरचा कुकर तिथे ऐकू जाईल. फोन ट्रायपॉडवर आडवा, चार्जरला जोडलेला, आणि येणारे कॉल बंद. हातात धरलेला फोन दहा मिनिटांत हलायला लागतो. शिवाय धरणारा माणूसही शोकातच असतो, त्याच्यावर हे काम टाकू नये.

निमंत्रणात दोन्हीकडची वेळ तारखेसह लिहा.

यूट्यूब लाइव्ह हा पर्याय ऐनवेळी उपयोगाचा नाही: पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं.